गप्प्या आर्चीचे फोन

आमच्या कॉल सेंटरमध्ये फोनवरचं माणूस गप्प राहिलं की आम्हाला बरं वाटायचं. नाकं मुरडू नका. दिवसाला सत्तर लोकांच्या शिव्या कानात ओतून घेतल्या असत्यात, तर तुम्हालाही वाटलं असतं.

मी लोरेटा बूटलियर. जन्म ग्लेस बेचा, कॅनडाच्या पूर्व टोकाला केप ब्रेटन बेटावरचं गाव. बावीस वर्षं मासळीच्या कारखान्यात कॉडचे काटे काढले, आणि कारखाना बंद पडला तेव्हा डोक्यावर हेडफोन चढवला. आमच्याकडे दुसरं आहे काय? खाणी गेल्या, मासळी गेली, पोरं आल्बर्टाला गेली. उरलो आम्ही आणि हे सेंटर. केबल आणि टेलिफोनच्या एका कंपनीचे गिऱ्हाईक आम्ही सांभाळायचो, अख्ख्या कॅनडाचे. व्हँकुव्हरच्या माणसाचा टीव्ही बंद पडला की तो केप ब्रेटनमध्ये बसलेल्या माझ्यावर ओरडायचा.

आधी बरं चाललं होतं, खोटं कशाला बोलू? पण शरद ऋतूत सेंटर विकलं गेलं आणि नव्या मालकांनी कोल्टनला मॅनेजर म्हणून पाठवलं. ओंटारिओचा पोरगा, सव्वीस वर्षांचा, माझ्या धाकट्याहून लहान. तो आल्यावर दोन महिन्यांत निम्मे लोक सोडून गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. भिंतीवर एक पाटी होती, किती लोक रांगेत आहेत आणि किती वेळ थांबलेत हे दाखवणारी. ती त्याने बंद केली. म्हणे, आकडे बघून आम्ही घाबरतो! नवीन सॉफ्टवेअर आलं, त्यात फोन करणाऱ्याचा नंबरच दिसेनासा झाला, नुसती शून्यं. तक्रार केली. "बघतो," म्हणाला. अजून बघतोय.

बंद केलेल्या पाटीच्या जागी दुसरी आली, आमच्या नावांची. प्रत्येक फोन सरासरी साडेसहा मिनिटांत संपला पाहिजे. त्याच्या आत असलात तर नाव हिरवं, बाहेर गेलात तर लाल. तीन आठवडे लाल राहिलात की घरी जा. मोबाइल, पर्स, कोट सगळं कपाटात, आणि कपाटांच्या किल्ल्या कोल्टनच्या कमरेला. का, तर आम्ही गिऱ्हाइकांची माहिती चोरू. टेबलावरच्या फोनवरून बाहेर नंबर लावायची सोय नव्हती, फोन नुसते यायचे. लघवीला जायला दिवसात नऊ मिनिटं. हे सगळं घडलं तेव्हा माझं नाव आधीच दोन आठवडे लाल होतं, एवढं सांगितलं की पुढचं कळेल.

आणि शांततेचा नियम. समोरून वीस सेकंद आवाज आला नाही, की तीनदा विचारायचं, "हॅलो, आपण आहात का?" मग म्हणायचं, "आवाज येत नसल्यामुळे मी फोन ठेवत आहे, आपला दिवस चांगला जावो." आणि ठेवायचा. एकूण चाळीस सेकंदांचं काम. असा एक फोन मिळाला की सरासरी धपकन खाली यायची.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी रात्री मोठा बर्फ पडला. मंगळवारी सकाळी मी कशीबशी गाडी उकरून कामावर पोचले, आणि नवाच्या सुमाराला तो फोन मला पहिल्यांदा लागला. हॅलो म्हटलं, उत्तर नाही. नुसता श्वास, जड, मध्येच अडकल्यासारखा. तीनदा विचारलं, दिवस चांगला जावो म्हटलं, ठेवला. पाटीवर माझा आकडा अकरा सेकंदांनी उतरला. खरं सांगते, मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

जेवणाच्या सुट्टीत कळलं की तो बऱ्याच जणांना लागलाय. माझ्या शेजारच्या टेबलावर बर्नी पेट्री बसायचा. साठीचा, खाणीत गुडघा गमावलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. आमच्याकडे निम्म्या गावाचं आडनाव एकच, म्हणून प्रत्येकाला टोपणनाव लागतं, आणि ती ठेवण्यात बर्नीचा हात कोणी धरणार नाही.

"तो श्वासवाला ना? गप्प्या आर्ची!" बर्नी म्हणाला. "बायकोने बोलायची बंदी केलीय बिचाऱ्याला. इथे फोन करून गप्प बसतो, तेवढाच विरंगुळा."

"मला दोनदा लागला," पलीकडून कोणी म्हणालं.

"मग नशीबवान आहेस. लॉटरीचं तिकीट काढ."

तिथून ते सुरू झालं. आर्ची लागला की हात वर करायचा आणि आसपासच्यांनी टेबलावर हळूच थाप मारायची. बुधवारी सकाळी तर लोक खुर्चीत बसताना म्हणायला लागले, "आज आर्ची पाव रे बाबा." तासाला एकदा तरी तो कोणाला तरी लागायचाच. मला बुधवारी तीनदा लागला. तिसऱ्यांदा श्वासाच्या मागे काहीतरी टकटक ऐकू आली. मला वाटलं, लाइन खराब आहे. मी तशी नोंद केली, "लाइनमध्ये बिघाड", आणि ठेवला. माझं नाव त्या दुपारी हिरवं झालं.

कोल्टनला काय चाललंय ते कळलं नसेल असं नाही. तो वर गेलेले हात बघायचा. बुधवारी संध्याकाळी त्याने डोनटची दोन खोकी आणली आणि टाळ्या वाजवून म्हणाला, "काय करताय ते माहीत नाही, पण करत राहा!" आम्ही डोनट खाल्ले. मीसुद्धा खाल्ला, साखर लावलेला.

रात्री घरी अंथरुणात पडल्यावर मात्र तो श्वास कानात यायला लागला. मी स्वतःलाच झापलं. म्हटलं, लोरेटा, कुठल्यातरी खोडकर पोराचा चाळा असेल, झोप मुकाट्याने.

गुरुवारी तो मला पाचव्यांदा लागला. दुपारचे बारा वाजून गेले होते. "हॅलो, आपण आहात का?" म्हटलं. श्वास होता, पण मंगळवारपेक्षा खूप हलका, मध्ये मध्ये बंद पडणारा. आणि त्याच्या मागे, लांबून, ऑर्गन वाजत होता.

तो ऑर्गन केप ब्रेटनमधलं कुठलंही पोर झोपेत ओळखेल. आमच्या रेडिओवर रोज दुपारी बातम्या झाल्या की गेलेल्यांची नावं वाचतात, त्याच्या आधी तो वाजतो. माझी आई तेव्हा घरात कोणाला चमचासुद्धा हलवू द्यायची नाही. मी हेडफोन कानावर दाबला. निवेदक म्हणत होता, "माल्कम करी, वय त्र्याऐंशी, रिझर्व्ह माइन्स." माल्कम माझ्या ओळखीतला, आदल्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन अखेरचं दर्शन घेऊन आले होते.

म्हणजे हा आर्ची व्हँकुव्हरचा नव्हता, टोरांटोचाही नव्हता. इथलाच होता. माझ्याच रेडिओवर माझाच माल्कम ऐकत होता.

मी स्क्रिप्ट सोडलं. "हे बघा, तुम्हाला बोलता येत नाहीये का? बोलता येत नसेल तर कशावर तरी टकटक करा. एकदा."

टक.

अरे देवा! कालची टकटक. ती लाइन नव्हती.

"पडलायत का तुम्ही?"

टक.

"एकटे आहात?"

टक.

"लोरेटा," माझ्या दुसऱ्या कानात आवाज आला. कोल्टन काचेच्या खोलीत बसून कोणाच्याही फोनमध्ये शिरायचा, गिऱ्हाइकाला ऐकू येत नसे, फक्त आम्हाला. "लोरेटा, शांतता आहे समोर. ठेव फोन."

मी त्याच्याकडे बघून हात हलवला, नाही म्हणून. शेजारी बर्नी कोणा बाईला रिमोट कसा धरायचा ते समजावत होता. त्याचा दंड मी नखं रुतेपर्यंत धरला. "बर्नी! आर्ची खरा आहे. इथलाच आहे. जमिनीवर पडलाय. पोलिसांना फोन कर!"

"कशावरून करू? मोबाइल कपाटात!"

"दरवाजावरच्या रखवालदाराकडे जा, पळ!"

त्या बाईला तसंच सोडून बर्नी त्याच्या एका गुडघ्यावर लंगडत पळाला. मी फोनवर वळले. "ग्लेस बेमध्ये राहता?"

टक.

मी गावातल्या वस्त्यांची नावं घेत गेले. "कॅलेडोनिया?" काही नाही. "स्टर्लिंग?" काही नाही. "नंबर अकरा?"

टक. फार हळू.

"लोरेटा, दोन मिनिटं झाली. हा फोन नियमात बसत नाही."

"नियम घाल चुलीत!" मी मोठ्याने म्हणाले. सगळ्यांनी वळून बघितलं. नंबर अकरा म्हणजे जुन्या अकरा नंबरच्या खाणीची वस्ती. गल्ल्या मला पाठ, माझी मावशी तिथे राहायची. मी एकेक नाव घेत गेले. वेळ जात होता. चौथं नाव घेतलं, "हेक्टर स्ट्रीट?", आणि टक आली.

"शाब्बास! आता घराचा नंबर. जितका आकडा तितक्या वेळा टकटक करा. पहिला आकडा."

टक. टक.

मग थांबलं. मी वाट बघत होते. तेवढ्यात कानात बारीक आवाज झाला आणि फोन गेला.

माझ्याकडून नाही गेला. काचेच्या खोलीतून गेला. कोल्टन बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तू ठेवत नव्हतीस," तो म्हणाला, "मला अधिकार आहे. मुख्य ऑफिसला इथून प्रत्येक फोन दिसतो, लोरेटा. माझीही पाटी आहे तिकडे."

त्याला मारावं असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "अरे गाढवा, माणूस मरतंय तिथे!"

"परत लावेल ना तो. लावतोच दर तासाला."

हे तो बोलला आणि तोवर मी मनात येऊच न दिलेली एक गोष्ट समोर आली. दर तासाला का? कारण रांग पन्नास मिनिटांची होती. गिऱ्हाईक रोज आम्हाला त्याच्यावरूनच शिव्या द्यायचे. म्हणजे जमिनीवर पडलेलं ते माणूस दर वेळी पन्नास मिनिटं आमची रांगेतली वाजंत्री ऐकत थांबायचं, मग आमच्यापैकी कोणीतरी उचलायचं, दिवस चांगला जावो म्हणायचं, आणि पुन्हा पन्नास मिनिटं. तीन दिवस.

मी हेडफोन टेबलावर आपटला. कोट मागितला नाही, मोबाइल मागितला नाही. गाडीची किल्ली माझ्या गळ्यातल्या दोरीला असते, तेवढी पुरे होती. कोल्टन मागून म्हणत होता की बाहेर पडलीस तर परत येऊ नकोस. दारात बर्नी रखवालदाराच्या फोनवर ओरडत होता, "घराचा नंबर नाही हो, सांगतोय काय मी!" मी त्याला म्हटलं, "हेक्टर स्ट्रीट. नंबर दोनने सुरू होतो. मी चालले."

हेक्टर स्ट्रीटवर कंपनीची जुनी जोडघरं आहेत, एका भिंतीला दोन बिऱ्हाडं. त्यातली निम्मी आता रिकामी. मी गाडी रस्त्याच्या मधोमध सोडली आणि उतरले. अंगात नुसता स्वेटर, वारा समुद्रावरून येणारा. दोनने सुरू होणारी घरं एका बाजूला सतरा होती. सगळी दारं ठोकत बसायला वेळ नव्हता, म्हणून मी पायऱ्या बघत गेले. जिथे लोक राहतात तिथे सोमवारचा बर्फ खरवडलेला होता. जिथे खरवडला नव्हता ती घरं रिकामी, धुराडी थंड. एकाच घराच्या पायऱ्यांवर गुडघाभर बर्फ होता, त्यावर एकही पाऊल नव्हतं, आणि तरी धुराड्यातून आपोआप चालणाऱ्या तेलाच्या भट्टीचा धूर येत होता. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा जळत होता.

मागचं दार उघडंच होतं. आमच्याकडे कोण कुलूप लावतं?

आत रेडिओ चालू होता. टेबलाजवळ जमिनीवर एक म्हातारी पडलेली. आर्ची नव्हताच. ती एफी गिलिस होती, टपालवाली एफी. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून तिने आम्हा सगळ्यांना पत्रं दिली होती. अर्धा चेहरा ओघळलेला, एक हात अंगाखाली मेल्यासारखा. वास येत होता, तो सांगत नाही. जुना वायरवाला टेलिफोन तिने टेबलावरून खाली ओढला होता. रिसीव्हर कानाशी घट्ट धरलेला, आणि त्यातून आमची वाजंत्री ऐकू येत होती. ती परत रांगेत लागली होती.

पुढे कळलं ते असं. सोमवारी संध्याकाळी तिने बिलाबद्दल आम्हालाच फोन केला होता. मग पक्षाघाताचा झटका आला. नंबर लावणं तिला जमेना, पण शेवटचा नंबर परत लावायचं एक मोठं बटण त्या फोनला होतं, तेवढं तिच्या अंगठ्याला सापडत होतं. पुढे मशीन जे विचारतं त्यात काहीच दाबलं नाही, तर फोन आमच्या मजल्यावर येतो.

मी गुडघ्यावर बसले. म्हटलं, "एफी, अगं मी आलेय. दे तो फोन, अँब्युलन्स बोलावते."

माझा आवाज ऐकला आणि तिने डोळे माझ्यावर रोखले. ओळखला तिने. मला माहीत आहे, ओळखला. तिने रिसीव्हर आणखी छातीशी ओढला. तिला वाटलं, हीच ती, आता परत ठेवणार.

माझ्याकडे दुसरा फोन नव्हता. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. आजारी म्हाताऱ्या बाईच्या बोटांत एवढा जोर कुठून आला होता, देव जाणे. मी रिसीव्हर ओढून घेतला आणि खटका दाबून वाजंत्री बंद केली. तेव्हा तिच्या घशातून एक आवाज निघाला. तो कसा होता ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. मी ९११ लावला आणि पत्ता सांगितला. दोनशे चौदा, हेक्टर स्ट्रीट.

एफी जगली. डॉक्टर म्हणाले की वेळेवर आणली असती तर वाचा आणि उजवी बाजू परत येऊ शकली असती. आता नाही. सेंटरमध्ये मला परत घेतलं नाही, त्याचं मला काही वाटत नाही. कोल्टनची बदली झाली. बर्नी सांगतो, आता आवाज आला नाही तर मशीनच आपोआप फोन ठेवतं, आमच्यापर्यंत तो पोचतच नाही. बर्नीने आता कोणाला टोपणनाव ठेवायचं सोडून दिलंय. कंपनीने चौकशी केली तेव्हा आकडा कळला, एकूण एकेचाळीस फोन.

दहा दिवसांनी मी धीर करून हॉस्पिटलात गेले. बिस्किटं घेऊन गेले होते, काय नेणार? एफीचा मुलगा डंकन आल्बर्टातल्या फोर्ट मॅकमरेहून आला होता. आडदांड माणूस, डोळे सुजलेले. त्याने मला बघितलं आणि उठून मिठीच मारली.

"बर्नीने सांगितलं मला सगळं," तो म्हणाला. "चाळीस वेळा त्या हरामखोरांनी माझ्या आईचा फोन ठेवला. चाळीस वेळा! तुम्ही एकट्याच निघालात माणूस. तुम्ही नसतं उचललं तर..." मग त्याने नाक पुसलं आणि विचारलं, "आधी कधी तुम्हाला नव्हता ना लागला तिचा फोन? एकदाच लागला, आणि तुम्ही ओळखलंत. हो ना?"

एफी उशीवरून माझ्याकडे बघत होती. तिची नजर अगदी साफ होती. पांघरुणावरचा तिचा चांगला हात हलला नाही.

मी "हो" म्हटलं.